अपाची २.४ चं लॉगिन आणि परवानग्यांचं काम : सावद्याच्या केळी ऑफिसातून सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो मग कारणं. वेबसर्व्हरवर स्वतःचं लॉगिन मॉड्यूल (सर्व्हरला जोडायचा तुकडा) चालवायचं असेल आणि ते बिघडल्यावर दुरुस्तही करायचं असेल तर अपाची एचटीटीपी सर्व्हर २.४ सारखं सॉफ्टवेअर मी तरी दुसरं वापरलेलं नाही. काय चुकलं, कुठे चुकलं, कोणत्या ओळीमुळे अडवलं, सगळं तो सांगतो, फक्त लॉगलेव्हल (नोंदी किती बारीक याव्यात ते) वाढवून एरर लॉग वाचायची तयारी पाहिजे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, १९९५ पासून चालू आहे. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमचं काम काय ते थोडक्यात, म्हणजे पुढचं समजेल. रावेर-यावल पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची केळी आम्ही घेतो, बाग कापली की काट्यावर वजन होतं, पावती फाटते, भाव लागतो, त्यातून आधी घेतलेली उचल वळती होते आणि बाकी पैसे खात्यात जातात. हे सगळं आमच्या एका अंतर्गत साइटवर दिसतं. शेतकऱ्याला फक्त स्वतःच्या पावत्या दिसायला पाहिजेत, मुकादमाला त्याच्या गावापुरत्या, आणि हिशेबनिसाला सगळ्या. ऐकायला सोपं वाटतं पण एकाची उचल किती हे दुसऱ्याला दिसलं तर गावात काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणून हे लॉगिनचं काम आमच्यासाठी दागिन्यांच्या कपाटाइतकं महत्त्वाचं आहे आणि म्हणूनच एवढं लांब लिहितोय.

जुना सर्व्हर सेंटओएस ६ या लिनक्सवर होता, अपाची २.२, आणि त्यावर एका बाहेरच्या डेव्हलपरने सी मध्ये लिहून दिलेलं खास मॉड्यूल. सेंटओएस ६ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२० ला संपला, अपाची २.२ चा शेवटचा रिलीज २०१७ चा, म्हणजे हलणं भागच होतं. नवीन मशीन उबुंटू २२.०४, अपाची २.४. जुनी एसओ फाइल, म्हणजे कंपाइल केलेलं मॉड्यूल, उचलून नव्यात टाकली की अपाची उभाच राहत नाही आणि सांगतो की मॉड्यूलचं स्ट्रक्चर गार्बल्ड (बिघडलेलं) आहे, अपेक्षित सिग्नेचर ४१५०३२३४ पण दिसली ४१५०३२३२. बरेच जण हा मेसेज पाहून फाइल करप्ट झाली समजतात आणि पुन्हा कॉपी करत बसतात. फाइल चांगलीच असते. ते आकडे हेक्समध्ये आहेत, अक्षरांत फोडले की एपी२४ आणि एपी२२ असं निघतं, म्हणजे अपाची म्हणतोय हे मॉड्यूल २.२ साठी बांधलेलं आहे भो, मी २.४ आहे. मला हे फार आवडतं, चुकीचं मॉड्यूल चढवून मध्येच कोसळण्यापेक्षा दारातच थांबवलेलं चांगलं.

मग सोर्सवरून एपीएक्सएस (मॉड्यूल बांधायचं अपाचीचं टूल) वापरून नव्याने कंपाइल करायचं. इथे दुसरी पायरी लागते, कंपाइल वॉर्निंग देऊन होऊन जातं पण चढवताना अनडिफाइन्ड सिम्बॉल एपी_रिक्वायर्स असं येतं, म्हणजे त्या नावाचं फंक्शन सापडत नाही. कारण २.४ मध्ये परवानग्यांची सगळी रचनाच बदलली. आधी प्रत्येक मॉड्यूल रिक्वायरच्या ओळी (कोणाला आत सोडायचं ते सांगणाऱ्या कॉन्फिगमधल्या ओळी) स्वतः वाचायचं आणि स्वतः ठरवायचं, आता ते काम मॉड_ऑथझेड_कोअर एकटं करतं, ते रिक्वायर वाचतं आणि ज्याचा त्याचा प्रोव्हायडर (त्या प्रकारची तपासणी करणारा तुकडा) असेल त्याला विचारतं. ऑर्डर, अलाउ, डिनाय या जुन्या ओळी मॉड_ॲक्सेस_कॉम्पॅटमुळे अजून चालतात पण नव्या रिक्वायरबरोबर त्यांची खिचडी करू नका, दोन्ही एकत्र असले की कोण कोणाला अडवतंय तेच कळत नाही.

आता खरा धडकी भरवणारा भाग. आमच्याकडे त्या मॉड्यूलमधून एपी_रिक्वायर्सचा तुकडा काढून ते कसंबसं उभं केलं गेलं, लॉगिन व्हायला लागलं, सगळे खूश. पण एका मुकादमाच्या लक्षात आलं की त्याला शेजारच्या गावाच्या पावत्याही दिसतायत. रिक्वायरच्या ओळी जागच्या जागी, ग्रुपची फाइल बरोबर, तरी कोणी अडवत नाही. याचं उत्तर अपाचीच्या हुकच्या (रिक्वेस्टच्या ठरलेल्या टप्प्यावर मॉड्यूलला बोलावायच्या जागेच्या) नियमात आहे आणि हे प्रत्येक मॉड्यूल लिहिणाऱ्याने पाठ केलं पाहिजे असं माझं मत आहे. परवानगी तपासायचा जो हुक आहे, जुनं नाव ऑथ_चेकर, तो पहिल्या उत्तरावर थांबतो. एखाद्या मॉड्यूलने डिक्लाइन्ड, म्हणजे हे माझं काम नाही, सांगितलं तर पुढच्याला विचारलं जातं, पण कोणी ओके म्हटलं की तिथेच विषय संपला, बाकीच्यांना कोणी विचारतच नाही. आणि मॉड_ऑथझेड_कोअर स्वतःला रांगेत शेवटी उभं करतं. त्या जुन्या मॉड्यूलमध्ये रिक्वायर्सचा तुकडा काढल्यावर खाली नुसतं ओके परत जायचं राहिलं होतं. म्हणजे प्रत्येक लॉगिन झालेल्या माणसाला सगळं मोकळं, आणि लॉगिननंतर रिक्वायरच्या ओळी वाचल्याच जात नव्हत्या.

हे पकडलं कसं तर लॉगवरून. २.४ मध्ये प्रत्येक मॉड्यूलची लॉगलेव्हल वेगळी ठेवता येते, हे २.२ मध्ये नव्हतं. आपण फक्त ऑथझेड_कोअर आणि ऑथ_बेसिक यांना डीबगवर (बारीक नोंदींवर) टाकायचं, बाकी सर्व्हर वॉर्नवरच (इशाऱ्यांपुरता), म्हणजे लॉग फुगत नाही. डीबगवर असताना प्रत्येक रिक्वेस्टला एएच०१६२६ नंबरच्या ओळी येतात, की या रिक्वायरचा निकाल काय, ग्रँटेड का डिनाइड. आपल्या मॉड्यूलमधून गेलेल्या रिक्वेस्टला, लॉगिन झाल्यानंतरचा निकाल सांगणारी ओळच नसेल तर समजायचं की मध्ये कोणीतरी परस्पर ओके देऊन टाकलंय. लॉगमध्ये काय आहे ते सगळेच वाचतात, काय असायला पाहिजे होतं आणि नाहीये ते शोधणं हे खरं काम.

एक गोष्ट मात्र नवीन माणसाला घाबरवते. तीच एएच०१६२६ ओळ आधी एकदा येते आणि म्हणते डिनाइड, कंसात नो ऑथेंटिकेटेड युजर येट. ही चूक नाही. अपाची आधी बघतो की नाव न विचारताच आत सोडता येतं का, उदाहरणार्थ आयपीवरून, नाही म्हटल्यावर मग नाव-पासवर्ड विचारतो आणि रिक्वायर पुन्हा तपासतो. म्हणून पहिला डिनाइड सोडून द्या, त्याच रिक्वेस्टचा शेवटचा निकाल वाचा.

नंबरांचं सांगतो, कारण याच्यामुळेच मी साडेचार स्टार देतोय. एएच०१६१८ म्हणजे युजर सापडला नाही. एएच०१६१७ म्हणजे युजर आहे, पासवर्ड जुळला नाही. एएच०१६३१ म्हणजे पासवर्ड बरोबर होता पण या पानाची परवानगी नाही. एएच०१६३० म्हणजे लॉगिनचा प्रश्नच नाही, कॉन्फिगनेच दार बंद ठेवलंय. या चार नंबरांत लोकांच्या नव्वद टक्के तक्रारी बसतील असं मला वाटतं. आणि खास मॉड्यूलवाल्यांसाठी पाचवा, एएच०००२७, तो म्हणतो ऑथेंटिकेशन झालंच नाही पण त्याशिवाय सोडता येत नाही, आणि ब्राउझरला ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) जातो. कॉन्फिग तर बरोबर आहे, ऑथटाइप (लॉगिनची पद्धत) लिहिलेला आहे, मग हे का? तर मॉड्यूलने ओके म्हटलं पण रिक्वेस्टच्या युजरच्या खान्यात नावच भरलं नाही. अपाचीने तिथे रिकाम्या नावावर पुढे जायला नकार दिला, क्रॅशही झाला नाही. हा विचार करून ठेवलेला आहे याचं मला कौतुक वाटतं.

आता ती तक्रार जी सगळ्यात जास्त वेळा येते. फोन येतो, "भो, पासवर्ड त बरोबर टाकून राह्यलो, तरी ते डबडं पुन्हा पुन्हा येऊन राह्यलं." आपण पासवर्ड रीसेट करून देतो, तरी तेच. लॉगमध्ये बघितलं तर एएच०१६३१. म्हणजे काका बरोबरच बोलत होते, पासवर्ड बरोबरच होता, पण ते ज्या पानावर जात होते तिथे त्यांच्या ग्रुपला परवानगी नव्हती. अपाची अशा वेळी सुद्धा मुद्दाम ४०१ (लॉगिन करा) पाठवतो, ४०३ (मनाई) नाही, म्हणून ब्राउझर पुन्हा पासवर्डच विचारतो. ऑथझेडसेंडफॉरबिडनऑनफेल्युअर ही सेटिंग ऑन केली की ४०३ जातो आणि माणसाला कळतं की हे पान तुमचं नाही. पण त्याची दुसरी बाजू अपाचीच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेली आहे, पासवर्ड चोरायला बसलेल्याला त्यातून कळतं की त्याचा अंदाज बरोबर निघाला. आमची साइट आतल्या लोकांची आणि शेतकऱ्याचा वेळ वाचणं जास्त मोलाचं, म्हणून आम्ही ऑन ठेवलंय. बाहेरच्या जगाला उघडी साइट असेल तर मी सांगणार नाही ऑन करा.

उन्हाळ्यात इकडे ४५ डिग्री, लाइट जाणं-येणं रोजचं, इन्व्हर्टर पण किती वेळ तग धरणार. लाइट आल्यावर अपाची चटकन उभा राहतो, डेटाबेस मागून येतो. मधल्या वेळात जे लॉगिन करतील त्या सगळ्यांना ते जुनं मॉड्यूल सांगायचं पासवर्ड चुकीचा. मग ऑफिसात गोंधळ, पासवर्ड कोणी बदलले, आणि धडाधड रीसेट सुरू. खरं तर अपाचीने यासाठी वेगवेगळी उत्तरं देऊन ठेवलीत. युजर माझ्याकडे नाही हे एक, युजर आहे पण पासवर्ड चुकीचा हे दुसरं, आणि मी आत्ता तपासूच शकत नाही हे तिसरं, ऑथ_जनरल_एरर. तिसरं उत्तर दिलं की ब्राउझरला ५०० जातो आणि सगळ्यांना कळतं की सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, आपला नाही. मॉड्यूल लिहिणाऱ्याने तिन्हीला मिळून एकच डिनाइड दिलं तर अपाची तरी काय करणार. पहिल्या दोघांतला फरकही महत्त्वाचा, कारण बेसिक लॉगिनमध्ये (ब्राउझर स्वतःच्या चौकटीत नाव-पासवर्ड विचारतो त्यात) एकापुढे एक प्रोव्हायडर लावता येतात, आधी फाइल मग डेटाबेस, आणि युजर सापडला नाही असं उत्तर आलं तरच तो पुढच्याकडे जातो. डिनाइड आलं की तिथेच थांबतो. आमचे हिशेबनीस फाइलमध्ये आणि शेतकरी डेटाबेसमध्ये, त्यामुळे हे बरोबर नसतं तर अर्धे लोक बाहेरच राहिले असते.

दुसरी अशीच छुपी गोष्ट म्हणजे प्रोसेस आणि थ्रेड. सेंटओएस ६ वर अपाची प्रीफोर्क पद्धतीने चालायचा, एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच रिक्वेस्ट. उबुंटूवर इव्हेंट पद्धत, एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड. जुन्या मॉड्यूलमध्ये युजरचं नाव एका स्टॅटिक बफरमध्ये (सगळ्या रिक्वेस्टना मिळून एकच जागा) ठेवलेलं होतं, प्रीफोर्कमध्ये त्याने कधी त्रास दिला नाही, थ्रेडमध्ये मात्र एकाच क्षणी दोघं आले की एकाच्या नावाखाली दुसरा. एकट्याने टेस्ट केलं तर कधीच सापडत नाही. सकाळी कटाईच्या वेळी जेव्हा सगळ्यांचे फोन चालू असतात तेव्हाच. हे शोधायला एबी हे अपाचीबरोबरच येणारं टूल घ्या, दोन वेगळ्या टेस्ट युजरने एकाच वेळी दोन वेगळी पानं मारा आणि ॲक्सेस लॉगमधला युजरचा रकाना बघा, पान एकाचं आणि नाव दुसऱ्याचं दिसलं की झालं. उपाय सोपा आहे, नाव रिक्वेस्टच्या स्वतःच्या पूलमध्ये (मेमरीत) एपीआर_पीएसटीआरडप करून, म्हणजे प्रत काढून, ठेवायचं. घाईत असाल तर तात्पुरतं प्रीफोर्कवर जाता येतं, पण मी म्हणेन ते मॉड्यूल बंद करा आणि नीट होईपर्यंत साइट मुकादमांपुरती ठेवा, लोकांच्या पैशाचा मामला आहे.

पीएचपीवाल्यांसाठी छोटं. लॉगिन अपाचीत झालं आणि आतल्या स्क्रिप्टला ऑथोरायझेशन हेडर (ब्राउझरने पाठवलेली नाव-पासवर्डची ओळ) पाहिजे असेल तर तो आपोआप मिळेलच असं नाही, सुरक्षेसाठी अपाची तो सीजीआय आणि एफपीएमकडे (स्क्रिप्ट चालवायच्या दोन पद्धती) पाठवत नाही. २.४.१३ पासून त्यासाठी सीजीआयपासऑथ ऑन करायची सोय आहे. पण खरंच हवाय का ते आधी बघा, नुसतं नाव पाहिजे असेल तर रिमोट_युजर मिळतो, त्यात काम होतं.

पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (अपाचीच्या आधी रिक्वेस्ट घेऊन आत पाठवणारा सर्व्हर) लावलेला असेल आणि कुठे रिक्वायर लोकल किंवा रिक्वायर आयपी लिहिलेलं असेल तर आज रात्रीच तपासा. प्रॉक्सी त्याच मशीनवर असला तर अपाचीला प्रत्येक माणूस १२७.०.०.१ वरूनच, म्हणजे त्याच मशीनवरून, आलेला दिसतो, म्हणजे रिक्वायर लोकल सगळ्या जगाला उघडं. मॉड_रिमोटआयपी लावून खरा पत्ता घ्यावा लागतो, आणि तोही फक्त आपल्या प्रॉक्सीवर विश्वास ठेवून.

आता अर्धा स्टार का कापला. एक, नावं. ऑथएन म्हणजे ओळख, ऑथझेड म्हणजे परवानगी, आणि मॉड्यूलची नावं मॉड_ऑथएन_कोअर, मॉड_ऑथझेड_कोअर, मॉड_ऑथएनझेड_एलडॅप. रात्री अकराला लॉग वाचताना डोळे फिरतात. दोन, ऑथमर्जिंग हे मुळात ऑफ असतं, म्हणजे वरच्या फोल्डरवर कडक रिक्वायर आणि आतल्या फोल्डरच्या डॉट एचटीॲक्सेसमध्ये (त्या फोल्डरपुरत्या कॉन्फिग फाइलमध्ये) सैल रिक्वायर असेल तर आतलं वरच्याची जागा घेतं, दोन्ही मिळून लागू होत नाहीत. डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण ज्याला माहीत नाही तो दोन्ही लागू आहेत समजून निवांत झोपतो. तीन, बेसिक लॉगिनला लॉगआउट नाही. ऑफिसचा एक कॉम्प्युटर चार जण वापरतात तिथे हे फार खटकतं. मॉड_ऑथ_फॉर्म घेतला तर फॉर्म मिळतो, लॉगआउट पण मिळतो, पण तो सेशनमध्ये नाव आणि पासवर्ड दोन्ही ठेवतो, म्हणून मॉड_सेशन_क्रिप्टोशिवाय लावूच नये.

कॅशबद्दल पण सांगून ठेवतो, मॉड_ऑथएन_सोकॅश लावलं तर डेटाबेसवरचा ताण बराच उतरतो, कारण बेसिकमध्ये पानातल्या प्रत्येक फोटोला, प्रत्येक फाइलला पासवर्ड नव्याने तपासला जातो. पण त्याची मुदत मुळात ३०० सेकंद असते. कोणाचं लॉगिन काढलं आणि तो तरी पाच मिनिटं आत फिरतोय असं दिसलं तर मॉड्यूलला दोष देण्याआधी हे आठवा.

शेवटी आम्ही काय केलं. ते जुनं मॉड्यूल पूर्ण काढलं. ओळखीसाठी तयार मॉड_ऑथएन_डीबीडी, त्यात एक एसक्यूएल लिहायची की या नावाचा पासवर्डचा हॅश दे, बस. परवानगीपैकी गाव कोणाचं आणि पावती कोणाची एवढंच खास होतं, तेवढ्यापुरता छोटा प्रोव्हायडर लिहून घेतला, तो रिक्वायरच्या ओळीतून बोलावला जातो आणि ग्रँटेड किंवा डिनाइड एवढंच सांगतो, युजर अजून आलेला नसेल तर डिनाइड_नो_युजर. हुकमध्ये कुठेही हात घालत नाही. त्यामुळे आता प्रत्येक निकाल एएच०१६२६ मध्ये नावानिशी दिसतो, आणि मुकादम फोनवर म्हणाला की पान उघडत नाही तर मी बाइकवर असलो तरी ऑफिसातल्या पोराला सांगू शकतो, लॉगमध्ये कोणता नंबर आहे तो वाच. तुम्ही एखाद्या डेव्हलपरला असं काम देत असाल तर पहिलाच प्रश्न हा विचारा, की तुम्ही हुक लिहिणार का प्रोव्हायडर, आणि सोर्स हातात देणार का. उत्तर देताना अडखळला तर दुसरा बघा.

एन्जिनएक्स या दुसऱ्या वेबसर्व्हरवाले म्हणतील आमच्याकडे ऑथ_रिक्वेस्ट आहे, आतून एक रिक्वेस्ट मारायची, २०० आलं की सोडायचं, ४०१ किंवा ४०३ आलं की अडवायचं. चांगलं आहे, सी लिहावं लागत नाही, आणि ज्यांचं सगळं लॉगिन आधीच एखाद्या ॲपमध्ये आहे त्यांनी तेच घ्यावं. पण का अडवलं हे मग त्या ॲपच्या लॉगमध्ये शोधावं लागतं, आणि ते ॲप लिहिणाऱ्याने लॉग लिहिला असेल तर.

कोणाला मदत मागताना लॉग किंवा कर्लचं (कमांडवरून पान मागवायच्या टूलचं) आउटपुट पाठवत असाल तर ऑथोरायझेशनची ओळ आधी पुसा. बेसिकमधला तो मजकूर एनक्रिप्ट केलेला नसतो, नुसता बेस६४ असतो, कोणीही दोन सेकंदात उलटा करून पासवर्ड वाचू शकतो. म्हणूनच एचटीटीपीएसशिवाय यातलं काहीही चालू करू नका, टेस्टिंगसाठी सुद्धा नाही, टेस्टिंगमध्ये लोक खरेच पासवर्ड टाकतात.